‘उंदरांच्या गोष्टी’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार,

रोगप्रतिकारक टी-पेशींना आवर घालणाऱ्या सीटीएलए-४ या प्रथिनावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: “हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर फारसं नसतंच. नियामक टी-पेशींचा उल्लेखही नाही. उंदरांच्या गोष्टी माणसांना चिकटवू नका. गूगल करून विज्ञान लिहिता येत नाही.”

पृष्ठभागाचं मान्य. ते बहुतांशी पेशीच्या आत असतं, टी-पेशी चेतवली गेली की वर येतं आणि लगेच पुन्हा आत ओढलं जातं. मी सरसकट ‘पृष्ठभागावर बसलेलं’ लिहिलं, ते चुकलं. दुरुस्ती केली आहे. पण त्यासाठी गूगल कशाला काढलंत? नुसती चूक दाखवली असतीत तर मी आभारच मानले असते.

आता ‘उंदरांच्या गोष्टी’. मी सहा वर्षं एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात काम केलं आहे. हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाची एकच प्रत असलेल्या उंदरांची पैदास माझ्याकडे होती. आईबाप धडधाकट, पण चार पिल्लांमागे साधारण एकात दोन्ही प्रती नसायच्या. पहिले दोन आठवडे ते भावंडांतून ओळखू यायचं नाही. मग एका सकाळी पिंजऱ्याचं झाकण उचलावं, तर ते कोपऱ्यात पाठ वाकवून, केस पिंजारून बसलेलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जायचं. काखेतली एरवी शोधावी लागणारी लसीकाग्रंथी नुसत्या डोळ्यांना दिसायची आणि हृदयाच्या स्नायूत टी-पेशी शिरलेल्या असायच्या. संसर्ग कसलाच नाही. वाढ थांबवणारं प्रथिन नाही, म्हणून पेशी वाढत गेल्या. त्या नोंदी मी माझ्या हाताने लिहिल्यात. ‘गोष्टी’ हा शब्द मला लागला, हे लपवत नाही.

१९९५ च्या आधी हे प्रथिन टी-पेशीला पळवतं की थोपवतं, यावरच तज्ज्ञांत वाद होता. टी-पेशीवरचंच सीडी२८ हे प्रथिन त्याचं भावंड, दोघं दुसऱ्या पेशींवरच्या एकाच बी७ रेणूला चिकटतात, सीटीएलए-४ जास्त घट्ट. सीडी२८ पेशीला वाढ म्हणून सांगतं, म्हणून हेही तेच करत असेल असं काहींना वाटे. १९९५ मध्ये दोन प्रयोगशाळांतल्या अशाच पिल्लांनी तो वाद मिटवला.

आणि चिकटवण्याचं म्हणाल, तर १९९६ मध्ये प्रतिकारशक्तीचे संशोधक जेम्स अ‍ॅलिसन यांच्या गटाने हे प्रथिन प्रतिपिंडाने अडवून उंदरांतल्या कर्करोगाच्या गाठी परतवल्या. २०११ मध्ये हेच प्रथिन अडवणाऱ्या इपिलिमुमॅब या औषधाला अमेरिकेत मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या आतड्याला सूज येते, कारण मोकळ्या सुटलेल्या टी-पेशी स्वतःच्याच शरीरावर उलटतात. २०१४ मध्ये तर या जनुकाची एक प्रत बिघडलेली माणसंच सापडली, त्यांच्या आतड्यांत आणि फुप्फुसांत टी-पेशी शिरलेल्या होत्या. गुण आणि धोका, दोन्ही उंदरांनी आधीच दाखवले होते.

नियामक टी-पेशींचं, म्हणजे इतर टी-पेशींना आवरणाऱ्या पेशींचं म्हणाल, तर एका लेखात सगळं मावत नसतं. त्यात मी आत्ता शिरत नाही.

यापुढे मुद्दा लिहिलात तर उत्तर देईन. ‘गूगल करून’ वगैरे भाषा असेल, तर ती प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.