शनिवारवाड्याचं भूत आता पुरे

बाहेरगावचे पाहुणे आले की शनिवारवाडा दाखवणं आम्हा पुणेकरांकडे ठरलेलंच. आणि दिल्ली दरवाजातून आत शिरता शिरता कुणीतरी विचारतंच, "ते 'काका, मला वाचवा' नेमकं कुठे ऐकू येतं हो?"

या प्रश्नाचा मला मनापासून त्रास होतो. ३० ऑगस्ट १७७३ ला, ऐन गणेशोत्सवात, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला गारद्यांनी, म्हणजे भाडोत्री शिपायांनी, त्याच्याच घरात कापलं. रामशास्त्र्यांनी चौकशी करून थेट त्याच्या काकाला, राघोबादादाला दोषी ठरवलं. सत्तेवर बसलेल्याला तोंडावर गुन्हेगार म्हणणारा न्यायाधीश या शहराने पाहिला, आणि आपण पाहुण्यांना सांगतो काय, तर पौर्णिमेच्या रात्रीच्या किंकाळ्या!

पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० ला वाड्याचा पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत केली. खर्च १६,११० रुपये. शंभर वर्षंही पुरी झाली नाहीत. नोव्हेंबर १८१७ मध्ये वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, दुसरा बाजीराव पुढे आठ लाखांचा तनखा घेऊन बिठूरला गेला आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला वाडा पेटला. कित्येक दिवस धुमसत होता म्हणतात. धुमसणारच! दगडी जोत्याच्या वर होतं ते बहुतेक सागवानी: खांब, तुळया, तख्तपोशी, नक्षीच्या महिरपी. गणेश रंगमहाल, आरसेमहाल, सगळं राख.

राहिला तो तट, दरवाजे आणि जोती. तीसुद्धा पुढे राडारोड्याखाली गेली. १९१९ मध्ये वाडा संरक्षित झाला, मग उकरून ती बाहेर काढली.

ते सागवानी काम कसं असेल हे ज्याला बघायचंय त्याने नगारखान्यात चढावं. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब अजून उभे आहेत. खाली दरवाजाच्या आतल्या भिंतींवर पुसट झालेली चित्रं आहेत, जरा डोळे बारीक करून बघावी लागतात. लोक त्यांच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात. दोष त्यांचा नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: भुताच्या गोष्टी सांगणं बंद करा. प्रत्येक जोत्यापाशी, इथे कोणता महाल होता, किती मजले होते, कारभार कसा चाले, हे मराठीत, ठसठशीत अक्षरांत लिहा. पुण्यातल्या आर्किटेक्चरच्या मुलांना बोलवा, कागदपत्रांवरून लाकडी प्रतिकृती करून घ्या आणि ती वाड्यातच ठेवा. वर्गणी काढणार असाल तर माझं नाव पहिलं लिहा.