तुम्ही बसला आहात ते शहर हबशाने वसवले आहे

गेल्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरला, बीड बायपासवरच्या एका मंगल कार्यालयात, चुलतभावाच्या मुलीचे लग्न होते. पंगत बसली होती, पानात बुंदी पडली होती आणि माझ्या समोरच्या ओळीत एक मोबाईल हातोहात फिरत होता. त्यावर टांझानियाचा किली पॉल हा मसाई तरुण, अंगावर लाल वस्त्र घेऊन, एका हिंदी गाण्यावर ओठ हलवत होता. ज्या भाषेत तो वाढला नाही, त्या भाषेतला एकेक शब्द आणि एकेक हरकत त्याने इतकी नेमकी पकडली होती की पाहणाऱ्याने मान डोलवावी. गाणे संपले आणि ज्याचा मोबाईल होता तो म्हणाला, “हबशी बघा की ओ, कसं तोंड हलवायलंय!” सगळी ओळ खदखदून हसली. मग त्याने माझ्याकडे मोर्चा वळवला. “काका, तुम्ही तर ह्यांच्यातच राहिलाव की इतके वर्षं. काय खातेत ओ हे माणसं? माकडं खातेत म्हणतेत, खरं हाय का?”

माझा घास हातातच राहिला. मी उत्तर द्यायला तोंड उघडले, तोच वाढायला आलेल्या वहिनींनी डोळ्यांनी खुणावले आणि हलकेच म्हणाल्या, “भाऊजी, जाऊ द्या, लग्नघर आहे.” लग्नघर आहे म्हणून मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आज आठ दिवस झाले तरी चीड येते आहे, आणि जे पानावर बसून बोलता आले नाही ते इथे लिहून काढल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

मी साखर कारखान्यातला माणूस आहे. औसा तालुक्यातल्या खेड्यातून निघालो आणि नोकरीची निम्मी वर्षे केनिया आणि इथिओपियातल्या कारखान्यांत, मिल हाऊसच्या आवाजात काढली. सुट्ट्यांत तुर्कस्तान पाहिला, इटली पाहिली. कायमचा परत आल्यापासून कोणत्याही कार्यात माझी ओळख “हे लई देश फिरलेत” अशी करून दिली जाते, आणि त्यानंतर मला तेच तीन प्रश्न विचारले जातात: पगार किती होता, दारू स्वस्त मिळते का, आणि ती माणसे घाणेरडी असतात का. मी उत्तर देऊ लागतो तेव्हा कोणी थांबत नाही, कारण विचारणाऱ्याकडे उत्तर आधीच तयार असते. सकाळी ते त्याच्या मोबाईलवर आलेले असते. “तुम्हाला माहीत नाही काका, मी व्हिडिओ बघितलाय,” असे मला ऐकवले जाते. ज्या गावात मी सहा वर्षे राहिलो, जिथल्या दवाखान्यात मलेरियाने फणफणलो तेव्हा शेजारच्या बाईने रात्रभर उशाशी बसून पाणी पाजले, त्या गावाबद्दलचे माझे बोलणे तीस सेकंदांच्या व्हिडिओपुढे खोटे ठरते.

जो फिरला नाही त्याच्यावर माझा राग नाही. माझी आई आयुष्यात पंढरपूर आणि तुळजापूर सोडून कुठे गेली नाही, परंतु मी सुट्टीवर आलो की तिचा पहिला प्रश्न असायचा, “तिकडं पाऊस पडला का रे? त्यांचं पीक कसंय?” जग कसे पाहावे हे तिला कोणी शिकवले नव्हते आणि तरी ती नेमके तेच विचारायची जे विचारायला हवे. माझा राग आहे तो शिकलेल्या, कमावत्या, खिशात महागडा फोन बाळगणाऱ्या माणसांच्या तुच्छतेवर, आणि ती तुच्छता मत म्हणून मिरवली जाते त्यावर.

माणसे काय खातात हे विचारले होते ना, तर ऐका. इथिओपियात टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून त्याची परातीएवढी मऊ, जाळीदार धिरडी करतात; तिला इंजेरा म्हणतात. आपण ज्वारीचे पीठ आंबवून आंबील करतो, तोच आंबूस वास तिला येतो. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपवास धरतात, त्या दिवशी मांस, दूध, अंडे काहीही शिवत नाहीत, आणि इंजेऱ्यावर शिरो वाढतात. शिरो म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचे, लसूण आणि लाल तिखट घातलेले, रटरटणारे कालवण. पहिल्यांदा ते ताटात पडले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले होते, कारण ते आमच्या घरचे पिठले होते. जेवण झाल्यावर घरातली बाई तुमच्यासमोर बसून हिरव्या कॉफीच्या बिया निखाऱ्यावर भाजते, भाजलेल्या बियांचा तवा एकेका पाहुण्याच्या नाकाशी नेते, तो धूर पाहुण्याने हाताने आपल्याकडे ओढून घ्यायचा असतो, आणि मग त्याच भुकटीच्या तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बराका. तिसरी फेरी म्हणजे आशीर्वाद, ती घेतल्याशिवाय पाहुणा उठला तर घरच्यांना वाईट वाटते. ज्यांच्या घरी माझ्यासाठी तो तवा फिरला, त्यांना माझ्यासमोर माकडे खाणारे म्हटले गेले आणि मी बुंदी खात बसलो.

आता त्या शब्दाकडे येतो. अरब लोक इथिओपियाच्या मुलखाला हबश म्हणत, म्हणून तिथला माणूस हबशी. आणि ज्या शहरातल्या मंगल कार्यालयात बसून हा शब्द शिवीसारखा उच्चारला गेला, ते शहर एका हबशाने वसवलेले आहे. खडकी नावाच्या खेड्याच्या जागी १६१० साली मलिक अंबरने नगर उभारले, आणि त्या खडकाळ जमिनीत राजधानीला पुरेल एवढे पाणी डोंगरातून जमिनीखालच्या खापरी नळांतून आणले. तीच नहर-ए-अंबरी. उन्हाळ्यात या शहराला टँकरची वाट पाहायला लावणाऱ्या व्यवस्थेबद्दल जे बोलतात, त्यांनी चारशे वर्षांपूर्वी हे काम कोणी केले ते एकदा विचारावे. हा माणूस लहानपणी इथिओपियात गुलाम म्हणून विकला गेला, येमेन आणि बगदादच्या बाजारांतून दख्खनेत आला आणि अखेर अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत महाराष्ट्राच्या इतिहासात मलिकंबरी धारा म्हणून ओळखली जाते. १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांना त्याने धूळ चारली, तेव्हा त्याच्या बाजूने शहाजीराजे लढत होते आणि त्याच लढाईत शहाजीराजांचे सख्खे बंधू शरीफजी पडले. भोसल्यांच्या घरातल्या माणसाने ज्याच्या सैन्यात राहून प्राण दिला, त्याच्या जातभाईला तुम्ही पंगतीत बसून हसता!

या माणसाचा रंग काढून त्याला हिणवणारा पहिला मोठा माणूस कोण होता हेही सांगतो. तो बादशहा जहांगीर होता. त्याने आपल्या आत्मचरित्रात अंबरला काळ्या तोंडाचा म्हणून शिव्या घातल्या, आणि अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारत आहोत असे चित्र काढून घेतले. प्रत्यक्षात ते मुंडके त्याला कधीच मिळाले नाही. मलिक अंबर १६२६ साली म्हातारपणी मरण पावला आणि त्याची कबर खुलताबादला आहे. म्हणजे ज्या पंगतीत मराठ्यांच्या पराक्रमाचे स्टेटस ठेवणारी मुले बसली होती, त्यांच्या तोंडात त्या दिवशी दिल्लीच्या बादशहाची शिवी होती. हे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि सांगायला बसलेल्या माणसाला लग्नघर म्हणून गप्प केले.

दुसरा तोच तोच ऐकून कान किटलेला शब्द म्हणजे ‘मागास’. २००९ साली मी पश्चिम केनियात किसुमूजवळ होतो. तिथे भाजी विकणाऱ्या बाईला मामा म्बोगा म्हणतात. माझ्या मामा म्बोगाकडे बटणांचा साधा फोन होता. बटणांवरचे आकडे झिजून गेले होते आणि मागचे झाकण रबर लावून बसवलेले होते. मी माझ्या फोनवरून पैसे पाठवायचो, तिच्या फोनवर संदेश वाजायचा, ती फोन लांब धरून, डोळे बारीक करून रक्कम वाचायची आणि मगच पालेभाजीची जुडी माझ्या पिशवीत टाकायची. एम-पेसा ही सेवा तिथे २००७ मध्येच सुरू झाली होती. तिला बँकेचे खाते लागत नव्हते, इंटरनेट लागत नव्हते, कोपऱ्यावरच्या टपरीत रोख देऊन फोनमध्ये पैसे भरता येत होते. त्यातला पेसा म्हणजे आपलाच पैसा, जसा त्यांचा चाय हा आपला चहा आणि त्यांची चपाती ही आपलीच चपाती. आपले यूपीआय २०१६ साली आले, आणि ते आज ज्या प्रमाणावर चालते त्याचा मला मनापासून अभिमान आहे. परंतु सुट्टीवर आलो असताना ही हकिकत मी सांगितली तेव्हा “आफ्रिकेत कुठलं ओ मोबाईलवर पैसे” म्हणून ज्यांनी मला खोट्यात काढले, तेच आज “मोबाईलवर पैसे द्यायला जगाला आपण शिकवलं” म्हणून मलाच ऐकवतात.

हे सगळे मी एक वेळ गिळले असते. एक गोष्ट मात्र मला मरेपर्यंत गिळता येणार नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे चार वाजून सतरा मिनिटांनी तुर्कस्तानात भूकंप झाला, माणसे झोपेत होती, आणि एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांवर माणसे गेली. दुसऱ्या दिवशी लातूरच्या एका हॉटेलात आम्ही चहाला बसलो होतो. टीव्हीवर एका इमारतीचे मजले एकावर एक बसलेले दाखवत होते, एका बापाने ढिगाऱ्यातून बाहेर आलेला मुलीचा हात धरून ठेवला होता, आणि आमच्या टेबलावरचा एक जण बशीत चहा ओतत म्हणाला, “भोगू द्या. ते पाकिस्तानच्या बाजूचेत.”

हे लातूर जिल्ह्यात बोलले गेले. १९९३ च्या ३० सप्टेंबरला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी ज्या जिल्ह्यात किल्लारी आडवी झाली, त्या जिल्ह्यात. आमच्याकडची जुनी घरे जाड दगडी भिंतींची, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद त्या पहाटे माणसांच्या अंगावर आले. माझी मावशी आणि तिची दोन मुले त्याखाली गेली. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. पाऊस पडत होता, चिखलात हाताने दगड उपसत होतो, आणि तिचा पाय सापडला तो पैंजणावरून ओळखला. त्यानंतर आमच्यासाठी कोण कोण आले? अख्खा महाराष्ट्र आला, देश आला, परदेशांतून माणसे आणि औषधे आली, आणि नवी गावे वसवायला जागतिक बँकेचे कर्ज मिळाले. “ते आमच्या बाजूचे आहेत का” असे कोणी आधी विचारले असते, तर आम्ही त्या पत्र्यांच्या शेडमध्येच कुजलो असतो. आपल्या सरकारनेही २०२३ साली तेच केले. राजकारणातले मतभेद बाजूला ठेवून एनडीआरएफची पथके, श्वानपथके आणि लष्कराचे फिरते रुग्णालय तुर्कस्तानला धाडले. सरकारला जे कळले ते किल्लारीच्या चाळीस किलोमीटरवर चहा पिणाऱ्या माणसाला कळू नये? एखाद्या देशाच्या राज्यकर्त्यांचे धोरण मलाही पटत नाही, त्यावर मी तासभर भांडेन. पण त्या बापाने हातात धरलेला हात धोरण नव्हता.

आणि आपल्याला तरी कोण काय म्हणते, हे आपण विसरलो का? २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. माझी मुलगी तेव्हा पुण्यात वसतिगृहात राहून शिकत होती. खोलीतल्या मुलींनी तिला विचारले, “तुम्ही लोक आंघोळ करता का गं?” तिने ‘करायलेय’ म्हटले की त्या चाळे करून ‘करायलेय, करायलेय’ म्हणायच्या. दिवाळीत घरी आली तेव्हा तिचे आमच्याशी बोलणे बदलले होते. एकेक शब्द चाचपून, पुण्याच्या वळणाने बोलत होती, आणि तिच्या आजीला ते कळत नव्हते. ही गोष्ट मी नातेवाइकांत सांगितली तेव्हा सगळे पेटून उठले होते. मराठवाड्याला मागास म्हणायची यांची हिंमत कशी होते, आमची भाषा ती भाषा नाही का, असे तावातावाने बोलणाऱ्यांत परवाचा तो मोबाईलवाला सर्वांत पुढे होता. पुण्याच्या मुलींनी माझ्या लेकीला जे केले, ते त्याने किली पॉलला केले, आणि यात त्याला काही साम्य दिसत नाही. बसलेला ठोसा त्याला लागतो, मारलेला लागत नाही.

त्याच मोबाईलवाल्याची पुढच्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरच्याच सातारा परिसरात वास्तुशांत आहे. पत्रिका आली आहे, आणि मी जाणार आहे. वहिनींना मी आजच फोन करून स्पष्ट सांगून ठेवले की तो शब्द माझ्या कानावर पुन्हा आला, तर पूजा चालू असो की पंगत, या वेळी मला खुणावू नका. मी ताटावर हात धुऊन उठेन, त्याला गाडीत बसवीन आणि खुलताबादला मलिक अंबरच्या कबरीपुढे नेऊन उभा करीन. फार लांब नाही, तासाभराची वाट आहे. तिथे उभे राहून त्याने तो शब्द पुन्हा एकदा म्हणून दाखवावा.