कोथिंबिरीची सरबराई

मे महिन्यात कोथिंबिरीची जुडी महागली की माणूस भाजीवाल्या मावशींशी हुज्जत घालतो, नाहीतर घरात ग्रो टेंट लावतो. हुज्जतीत पाच-दहा रुपये सुटतात. मी टेंटवाला.

टेंट म्हणजे दोन बाय दोन फुटांचं, चार फूट उंच, आतून चंदेरी असं कापडी कपाट. आत शंभर वॉटचा एलईडी, वर चार इंची एक्झॉस्ट फॅन, खाली जाळीची खिडकी. व्हिडिओतला माणूस हे सगळं लावून हसतो, कारण त्याच्या खोलीत २२ अंश असतात. सोलापुरात बाहेर ४३, खोलीत ३८. फॅन आत ओढणार ती खोलीचीच हवा. त्यामुळे टेंट खोलीपेक्षा गार होणं शक्यच नाही, वर दिव्याचे दोन-तीन अंश जादा. कोथिंबिरीला हवेत २० ते २५. तिशी ओलांडली की ती पानं सोडून फुलावर येते. जावयाचे नखरे परवडले.

म्हणून आधी घड्याळ उलटं करायचं. दिव्याचा टायमर रात्री आठ ते सकाळी आठ. बारा तास पुरे, जास्त उजेडानंही ती लवकर फुलते. रात्रभर चेनच्या फटीतून उजेड झिरपतो आणि शेजारी विचारतात, ‘का बे, आत काय लावलायस?’ कोथिंबीर म्हटलं की संशय पक्का होतो.

मग कूलर. कोरड्या उन्हाळ्यात तो खोली आठ-दहा अंशांनी उतरवतो, पण खिडकी उघडी हवी आणि एक्झॉस्टचा डक्ट, म्हणजे हवा बाहेर नेणारा जाड पाइप, खिडकीबाहेर. डक्ट खोलीतच सोडला तर तीच गरम हवा टेंटभोवती प्रदक्षिणा घालत बसते. डक्ट ताणून सरळ ठेवा. प्रत्येक वळणाला हवा दमते. टेंटचे गाल किंचित आत गेले तर समजा बरोबर चाललंय. पुरीसारखा फुगला तर फॅन उलटा बसलाय. बोअरचं पाणी असेल तर कूलरच्या गवतावर पांढरा क्षार चढतो, म्हणून टाकी आठवड्याला रिकामी करायची.

पाऊस सुरू झाला की हाच कूलर वैरी. हवा आधीच दमट, त्यात तो भर घालतो आणि दाट रोपं बुडाशी कुजतात. तेव्हा पंप बंद, नुसता पंखा. टेंटमध्ये क्लिपचा छोटा पंखाही हवा. पानं हलकेच डुलावीत, झोडपली जाऊ नयेत.

हे सगळं ज्याच्या भरवशावर करायचं तो स्वस्तातला हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा मोजणारा काटा, सर्रास थापा मारतो. त्याची परीक्षा मिठानं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच थेंब पाणी घाला, विरघळू देऊ नका. झाकण आणि हायग्रोमीटर घट्ट डब्यात दहा-बारा तास कोंडा. आकडा ७५ टक्के यायला हवा. ६८ आला तर कायम सात मिळवायचे. डबा लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवू नका, कुणीतरी उघडतंच. खरा झालेला हायग्रोमीटर पानांच्या उंचीवर, दिव्यापासून आडोशाला टांगायचा.

वायरचा झोल सॉकेटच्या खालपर्यंत सोडा, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथंच टपकेल. एक्स्टेन्शन बोर्ड भिंतीवर. जमिनीवर ठेवून वर कुंडी म्हणजे फटाक्यांची हौस.

हिशेब असा: दिवा रोज १.२ युनिट, तीस वॉटचा फॅन चोवीस तास ०.७, दीडशे वॉटचा कूलर दहा तास दीड. महिन्याला शंभर युनिटांच्या वर. पेरणी ते काढणी चाळीसेक दिवस, जुड्या पाच-सहा. मावशींना हा हिशेब सांगू नये.

वीज गेली की आधी टेंटची चेन उघडायची, आत हवा कोंडते. मग खिडकीवर ओली सोलापुरी चादर टांगायची. ती जाड, पाणी बराच वेळ धरते. नळाला पाणी मात्र चार दिवसांनी. त्यामुळे पहिला नंबर कोथिंबिरीचा, मग कूलरच्या टाकीचा, मग चादरीचा. आंघोळीचं नंतर बघू.