ऊस घटला नव्हता, वजाबाकी राहिली होती

दादा, नमस्कार.

उजनी धरणाच्या फुगवट्याकाठची हिरवळ डिसेंबर २०२० ते डिसेंबर २०२२ मध्ये घटली, असं मी गेल्या लेखात उपग्रहाच्या फोटोंवरून, नकाशासकट लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया: "आमच्याकडं उसाला तोड मिळंना, फडच्या फड उभे होते, आणि तुम्ही घरबसल्या हिरवळ घटवताय." वाचून आधी राग आला, खोटं कशाला सांगू. मग रात्री फाइली उघडल्या. चूक माझीच.

सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या फाइलीत प्रत्येक पिक्सेलचं परावर्तन, म्हणजे जमिनीवरून किती प्रकाश परत आला तो अंश, दहा हजारपट करून लिहिलेलं असतं. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्था त्या आकड्यात आणखी १००० मिळवते. वापरणाऱ्यानं ते आधी वजा करायचे. मी केले नाहीत. उभ्या उसाचा एक पिक्सेल घ्या: लाल प्रकाश ४००, निकट-अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) ३२००. एनडीव्हीआय हा हिरवळ मोजायचा आकडा, म्हणजे दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज; जास्त आला तर हिरवळ जास्त. २८०० भागिले ३६००, म्हणजे ०.७८. तोच ऊस नव्या फाइलीत दिसतो १४०० आणि ४२००. वजाबाकी तीच, बेरीज मात्र ५६००. आला ०.५०! ऊस जागचा हलला नाही, आणि मी त्याला सुकवून मोकळा. हजार वजा केल्यावर ती घट उरत नाही. नकाशा काढून टाकलाय.

बांधावरच्या बाभळी नकाशात दिसत नाहीत, हे तुमचं म्हणणंही खरं. लाल आणि निकट-अवरक्त या दोन्ही बँडचा (प्रकाशपट्ट्यांचा) पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास तुमचा एक गुंठा. एकटी बाभूळ त्यात शेजारच्या उसात मिसळून जाते. पण म्हणून "हे फोटो ढोबळच" हे मला पटत नाही. एकराच्या फडात चाळीस पिक्सेल बसतात, फडाची अवस्था सांगायला तेवढे पुरतात.

आणि जलपर्णी मी पीक म्हणून मोजलेली नाही. एनडीव्हीआयला दोन्ही हिरवंच, ही तुमची शंका रास्त आहे. पण दोन सेंटिनेल मिळून पाच दिवसांनी पुन्हा त्याच जागेवरून जातात. तेवढ्यात वाऱ्यानं जलपर्णीचा पट्टा सरकलेला असतो, ऊस काही चालत जात नाही. एकाच तारखेच्या प्रतिमेवरून मात्र मीही फसलो असतो.

"डिसेंबरच का?" तर ढग. जुलै-ऑगस्टमध्ये धरणावरची स्वच्छ प्रतिमा नशिबानंच मिळते, आणि विरळ ढग तर ढगाळ पिक्सेल वगळणाऱ्या मुखवट्यातूनही निसटतात.

करमाळ्याला या म्हणालात, येतो. तोवर एक काम कराल? एक आडसाली (पावसाळ्यात लावलेला) आणि एक खोडवा (तोडीनंतर खुंटातून पुन्हा फुटलेला), अशा दोन फडांचे चारी कोपरे मोबाइलवर टिपून पाठवा, लागणीची आणि तोडीची तारीख लिहून. नकाशात ते दोन मला अजून वेगळे ओळखता येत नाहीत.