पहिल्या आठवड्याचं टेन्शन कसं घ्यावं

गाणी काय, कोणीही ऐकतं. रिक्षावाले ऐकतात, केस कापणारे ऐकतात, वरच्या मजल्यावरचे काका तर भिंतीपलीकडच्यांनाही ऐकवतात. खरा चाहता ओळखायचा तो चेहऱ्यावरच्या काळजीवरून. लाडक्या बँडचा नवा अल्बम येतोय म्हटल्यावर ज्याला आनंद होतो तो अजून कच्चा आहे. ज्याला ॲसिडिटी होते तो तयार झाला.

हे मी अधिकारवाणीने सांगतेय. गेली सहा वर्षं मी डोंबिवलीत बसून बीटीएस या कोरियन बँडची काळजी करतेय. सोलमधली ही सात मुलं जून २०१३ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा त्यांची कंपनी छोटी होती. आज ती शेअर बाजारात आहे. थोडक्यात, त्यांचं बरं चाललंय. पण बरं चाललंय म्हणून स्वस्थ बसायला आपण काय परके आहोत?

तर सुरुवात सकाळपासून. गाणं कोरियात दुपारी एकला येतं, म्हणजे आपल्याकडे साडेनऊला, नेमकं लोकलमध्ये हात वर करायला जागा नसते तेव्हा. तरी फोन नाकासमोर हवाच. गाणं ऐकायला नाही हो. हॅन्टिओ उघडायला. कोरियात किती प्रती खपल्या याचा तिथे ताजा आकडा येतो, आणि पहिल्या सात दिवसांची बेरीज म्हणजे आपला बोर्डाचा निकाल. गाणं काय, संध्याकाळी भांडी घासताना ऐकता येईल.

आकडा नुसता बघून उपयोग नाही, त्यात घट शोधता आली पाहिजे. २०२० च्या फेब्रुवारीत आलेला ‘मॅप ऑफ द सोल: ७’ पहिल्या आठवड्यात ३३ लाखांच्या वर गेला. जून २०२२ चा ‘प्रूफ’ साडेसत्तावीस लाखांच्या आसपास थांबला. साध्या माणसाला यात साठ लाख प्रती दिसतात. तुम्हाला सहा लाख कमी दिसले पाहिजेत. ‘अहो, तो बराचसा जुन्या गाण्यांचा तीन सीडींचा संग्रह होता, महाग होता’ असं समजावणारी एखादी असतेच. तिला ग्रुपमधून काढा. समजूतदार माणसांनी आजवर कुठलाही बँड वाचवलेला नाही.

शिवाय शेजारपाजार आहे. २०२३ मध्ये सेव्हन्टीन आणि स्ट्रे किड्स या दुसऱ्या दोन कोरियन बँडनीही पहिल्या आठवड्यात पंचेचाळीस लाखांचा टप्पा ओलांडला. माझी सख्खी भाची सेव्हन्टीनवाली. त्या वर्षी राखीपौर्णिमेला ती घरी आली, पाया पडली, मी ‘सुखी राहा’ म्हटलं. पण तोंडाने. पुढे २०२४ मध्ये कोरियातली एकूणच अल्बमविक्री घसरली. आदल्या वर्षी दहा कोटींवर गेली होती, ती परत खाली आली. सगळ्यांचीच उतरली म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं. हे कुणाला सांगू नका.

आता खरेदी. आपण इथून घेतलेल्या अल्बमने समुद्रात किती पाणी वाढतं, असा प्रश्न पडू देऊ नका. ग्रुप ऑर्डरमध्ये नाव घाला. आधी अल्बमचे पैसे भरायचे, मग पार्सल कोरियातून निघालं की वजनाचे, मग कस्टमचे, मग ग्रुप ऑर्डरवाल्या ताईंच्या घरापासून आपल्या घरापर्यंतच्या कुरिअरचे. या चार हप्त्यांत मध्ये चार महिने जातात. पार्सल येतं तेव्हा पुढच्या अल्बमची घोषणा झालेली असते.

खोका उघडायचा तो हात धुऊन. आत जाड पुस्तक निघतं, त्यात सातही जण अशा कपड्यांत गवतावर पडलेले की इस्त्रीवाला रडेल. मग स्टिकर, पोस्टकार्ड, घडी घातलेलं पोस्टर. तळाशी पत्त्याएवढा फोटो, त्याला आम्ही पीसी म्हणतो. सातांपैकी कोणाचा निघेल हे नशीब. आपल्या लाडक्याचा निघेना की दुसरा खोका घ्यायचा. तोच अल्बम चार वेगवेगळ्या वेष्टनांत काढण्यामागे कंपनीची हीच माया आहे. सगळ्यात शेवटी, पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटलेली एक गोल चकती सापडते. ती सीडी. घरात सीडी वाजवायचं यंत्र २०१४ मध्येच भंगारवाल्याने नेलं. माझ्या चारही सीड्या बाल्कनीत दोऱ्याला टांगल्या आहेत, कबुतरं येऊ नयेत म्हणून. येतात. पण उन्हात चमकतात छान.

आमचं तरी चारावर भागतं. कोरिया-जपानमध्ये अल्बमबरोबर कलाकाराला समोरासमोर भेटण्याची सोडत असते. जितक्या प्रती घ्याल तितक्या चिठ्ठ्या. २०२४ मध्ये टोकियोच्या शिबुयात सेव्हन्टीनच्या अल्बमांचे ढीगच्या ढीग रस्त्यावर सोडून दिलेले सापडले. आतले फोटो काढून घेतले, बाकीचं कोण वाहून नेणार? लोक हळहळले. तुम्ही मात्र त्याकडे आकड्यांच्या नजरेने बघा: रस्त्यावर पडलेली प्रतसुद्धा खपलेलीच धरतात.

स्ट्रीमिंगचं शास्त्र वेगळं. यात गाणं आवडून चालत नाही. सलग तेच गाणं लावलंत तर ॲपला वाटतं माणूस नसून यंत्र आहे, म्हणून मध्ये दोन-तीन इतर गाणी पेरायची. आवाज बंद करायचा नाही. तीस सेकंदांच्या आत पुढे ढकलायचं नाही. थोडक्यात, आपण माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी यंत्रासारखं वागायचं. मी ऑगस्ट २०२० मध्ये ‘डायनामाइट’साठी अख्खी रात्र जागले. फोन इतका तापला की त्याच्यावर पापड भाजता आला असता. गाणं अमेरिकेच्या ‘हॉट १००’ यादीत पहिलं आलं आणि मी बाबांना पेढा भरवला. नंतर कळलं की त्या यादीत फक्त अमेरिकेतलं ऐकणं मोजतात. डोंबिवलीची ती रात्र शून्य धरली गेली. तरी जागायचं. वारीला न जाता घरात टाळ वाजवणारे नसतात का?

बँड काही दिवस विश्रांती घेईल, ही शक्यता मनात ठेवून रोज थोडं घाबरत राहा. जून २०२२ मध्ये सातही जण एकत्र जेवताना म्हणाले की आम्ही दमलोय, आता काही काळ आपापलं काम करतो. दुसऱ्या दिवशी कंपनीचा शेअर जवळजवळ पंचवीस टक्के पडला. पोरं दमली म्हणाली, त्यावर बाजाराने ‘मग झोपा थोडं’ म्हणायला हवं होतं. पण बाजार काय आणि आपण काय, दोघांचा जीव त्यांच्यात सारखाच अडकलेला. पुढे एकेक जण कोरियातल्या सक्तीच्या सेवेत, बहुतेक लष्करात, गेला, शेवटचा २०२५ च्या जूनमध्ये सुटला. आमच्या चाहत्यांच्या फौजेचं नाव आर्मी, त्यामुळे ‘मुलं आर्मीत गेली आणि मी आर्मीत आहे’ हे सोसायटीच्या सेक्रेटरींना समजावण्यातच माझी अडीच वर्षं गेली.

उरला टिकण्याचा प्रश्न. वीस वर्षांनी यांना कोण ऐकेल? हा प्रश्न रात्री अडीचनंतर विचारावा, तेव्हा तो जास्त लागतो. मात्र उत्तरासाठी इतिहासाकडे जाऊ नका, तो धीर देतो. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ अमेरिकेच्या अल्बमयादीत पहिल्या क्रमांकावर एकच आठवडा होता. एक! आणि मग त्याच यादीत मागेपुढे होत नऊशेहून जास्त आठवडे बसून राहिला. अशी उदाहरणं चाहत्यांची शिस्त बिघडवतात.

आमच्या आजीनेही असाच घोळ केला. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गाणं असं वर्षभर गीतरामायण झालं, छप्पन्न गाणी. आजीने ते सगळं ऐकलं. पण किती घरांत लागलं, आदल्या आठवड्यापेक्षा चढ होता की उतार, शेजारच्या केंद्राचा आकडा काय होता, एक नोंद नाही! बाईने फक्त रेडिओला हार घातला. आता झेंडूचा हार कुठल्या तक्त्यात भरायचा?

आणि हे दुर्लक्ष रक्तात उतरतं. परवा मी तक्ता उघडून बसले होते, दिवस सहावा, आकडा हलत नव्हता. आई समोर पेपर पसरून मेथी निवडत होती. तिला सहा वर्षांत सातांपैकी एकाचंही नाव आलेलं नाही. ती त्यांना ‘ती पोरं’ म्हणते. आणि ती गुणगुणायला लागली. चाल बरोबर. शब्द कोरियन नव्हते, मराठीही नव्हते, पण दुसऱ्या कडव्याआधीची ती उडीसुद्धा तिने नीट घेतली. लॉगिन नाही, ॲप नाही, तीस सेकंद पुरे होऊनही कुठे नोंद नाही. असं आपल्या घरात होत असेल तर ताबडतोब थांबवा. मी थांबवलं.

“आई, हे मोजलं जात नाही गं.”

“काय मोजायचंय?” ती म्हणाली. “दोनच तर जुड्या आहेत.”