एफआरपी वाढली, पण पाया कुणी सरकवला?

2018-19 च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा केंद्रानं ठरवलेला किमान दर, क्विंटलला 255 वरून 275 रुपये झाली. कोल्हापूर-सांगलीत बरं वाटलं. पण त्याच निर्णयात पायाभूत उतारा 9.5 वरून 10 टक्के केला होता. उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण; पायाच्या वर जेवढा उतारा, तेवढा जादा दर. आता आपल्याकडचा 12 टक्के उताऱ्याचा ऊस धरा. पाया 9.5 च ठेवून हेच 275 दिले असते, तर टनाला साधारण 170 रुपये जास्त बसत होते. पुढं 2022-23 ला पाया पुन्हा सरकला, 10.25 वर.

पाया बदला असं दिल्लीत जाऊन कोण, किती वेळा सांगून आलं, याची वही कुठं बघायची? आपल्याकडं लॉबिंगचा, म्हणजे सरकारकडं आपल्या फायद्याचे निर्णय मागत फिरण्याचा, कायदाच नाही, त्यामुळं वहीही नाही. शेतकरी पहिल्या उचलीसाठी, म्हणजे ऊसबिलाच्या पहिल्या हप्त्यासाठी, महामार्ग अडवतो ते सगळ्यांना दिसतं, शिव्याही त्यालाच. कारखानदारांच्या शिष्टमंडळामुळं कुणाची एसटी चुकत नाही.

त्यांनी मागूच नये असं मी म्हणत नाही. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकाएकी बंदी घातली. कारखाने धावले आणि आठवडाभरात 17 लाख टन साखरेपुरती मोकळीक मिळाली. ठीकच झालं, कारखाना अडचणीत आला की ऊसबिल पहिलं थकतं.

पण केंद्राचा 1966 चा ऊस नियंत्रण आदेश ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्या म्हणतो, आणि राज्य सरकारनं फेब्रुवारी 2022 मध्ये एफआरपीचे तुकडे करून ती हप्त्यांत द्यायला परवानगी दिली. ही परवानगी उच्च न्यायालयानं रद्द केली मार्च 2025 ला. मधले हंगाम गेले ते गेले. सोसायटीचं व्याज काय थांबलं नव्हतं.

अमेरिकेत 1995 च्या कायद्यानं लॉबिंगचा खर्च जाहीर करावा लागतो, 2008 पासून तर दर तिमाहीला. पैसा तिथंही थांबलेला नाही, वर्षाला चार अब्ज डॉलरच्या वर जातो, पण कागद तरी मिळतो. भारतातल्या गुंतवणुकीच्या विषयावर वॉलमार्टनं तिकडं लॉबिंग केल्याचं 2012 मध्ये आपल्याला कळलं ते त्याच कागदांवरून. मग आपली संसद तापली!

माझं मागणं साधं आहे. मंत्रालयात आणि पुण्याच्या साखर संकुलात, म्हणजे साखर आयुक्तांच्या कार्यालयात, कोण कुणाला कुठल्या विषयावर भेटलं, ते महिन्याच्या महिन्याला वेबसाइटवर टाका. आणि ज्या मंत्र्याचा स्वतःचा कारखाना आहे, त्यानं उसाचा विषय आला की बैठकीतून उठून बाहेर बसावं. हे कट्ट्यावर बोललं की लोक हसतात. म्हणतात, मग आत उरणार कोण?