गर्भाशयाशेजारची प्रत्येक घट्ट गाठ अंडाशयाची नसते

"गर्भाशयाशेजारी घट्ट गाठ आणि सीए-१२५ या रक्तचाचणीचा आकडा ३५ च्या वर, म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर. कोलोनोस्कोपी स्वच्छ आली, म्हणजे आतड्याचा प्रश्न मिटला. तरी शंका असेल तर सुईने तुकडा काढा." हा संदेश सगळीकडे फिरतोय. त्यातलं एकही विधान टिकत नाही.

सीए-१२५ एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणं), पोटातला क्षयरोग, गरोदरपण, इतकंच काय मासिक पाळीतही वाढतं. गाठ कुठून उगवली, हे त्यावरून कळत नाही.

आणि खरा प्रश्न उगमाचाच आहे. लहान आतड्याच्या भिंतीतला लायोमायोमा (स्नायूची सौम्य, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ) किंवा श्वानोमा (मज्जातंतूच्या आवरणाची सौम्य गाठ) बाहेरच्या अंगाने वाढला, की ओटीपोटात उतरतो आणि सोनोग्राफीत गर्भाशयाला देठाने लटकलेल्या फायब्रॉइडसारखा (गर्भाशयाच्या स्नायूची सौम्य गाठ) दिसतो. म्हणून योनीमार्गातून सोनोग्राफी करताना आधी दोन्ही अंडाशय शोधावेत. ते गाठीपासून वेगळे दिसले, तर अंडाशयावरचा संशय बराच कमी होतो. (रजोनिवृत्तीनंतर अंडाशय आक्रसतात, 'दिसला नाही' म्हणजे 'गाठीत गेला' असं रिपोर्टात लिहिण्याची घाई नको.) मग प्रोबने हलका दाब देऊन गाठ गर्भाशयाबरोबर सरकते की स्वतंत्र, ते पाहावं. डॉप्लरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) गर्भाशयातून गाठीत शिरणाऱ्या रक्तवाहिन्या दिसल्या, तर कल फायब्रॉइडकडे. नाही दिसल्या तर कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून दिलेलं औषध) देऊन सीटी करावा. रक्तपुरवठा आतड्याच्या धमनीच्या फांद्यांतून येत असेल, तर गाठ बहुधा आतड्याची.

कोलोनोस्कोपीत मोठं आतडं आणि फार तर लहान आतड्याचं शेवटचं टोक दिसतं. शिवाय या गाठी अस्तराखाली असतात. चिमट्यात वरचं अस्तरच येतं आणि रिपोर्ट 'नॉर्मल'.

सुईचा सल्ला मात्र सर्वांत घातक. उजवीकडची लांबट, द्रव भरलेली गाठ अपेंडिक्सचा म्युकोसील (म्युकस, म्हणजे चिकट स्राव साठून फुगलेलं अपेंडिक्स) असू शकते; ती फुटली तर म्युकस पोटभर पसरू शकतो. अंडाशयात बंदिस्त असलेला कॅन्सरही सुईने सांडू शकतो. शस्त्रक्रिया शक्य असेल, तर गाठ न फोडता अख्खी काढतात. आतड्याचा तुकडा काढून पुन्हा जोडावा लागेल, हे संमतीपत्रात आधीच असावं आणि पोटाचे सर्जन तयारीत असावेत.

'सौम्य' हा शब्द त्यानंतरचा. फ्रोझन सेक्शनवर (शस्त्रक्रिया चालू असताना तुकडा गोठवून केलेल्या झटपट तपासणीत) बहुधा 'स्पिंडल सेल ट्यूमर', म्हणजे लांबट पेशींची गाठ, एवढंच कळतं. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत (पेशींतली विशिष्ट प्रथिनं रंगवून ओळखण्याच्या तपासणीत) श्वानोमा एस-१०० या प्रथिनाला, लायोमायोमा डेस्मिन या प्रथिनाला पॉझिटिव्ह येतो. सीडी-११७ आणि डॉग-१ ही प्रथिनं या दोन्ही गाठींत निगेटिव्ह. हे दोन पॉझिटिव्ह आले तर तो जिस्ट (पचनमार्गाच्या भिंतीतली, कॅन्सर ठरू शकणारी गाठ), आणि त्याला सौम्य म्हणून घरी पाठवता येत नाही: आकार, जागा आणि ५ चौरस मिलिमीटरमधली पेशीविभाजनं मोजून धोका ठरवावा लागतो.